अमानत, अखत्यार आणि आमच्या शिक्षणसंस्था

रावेत हे पवनेच्या काठचे जुने गाव. येथील बंधाऱ्यावरून उचललेले पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. कालपरवापर्यंत शेतीचे असलेले हे शिवार आता उंच इमारतींचे आणि महाविद्यालयांचे झाले आहे. दरवर्षी निकाल लागले की चिंचवड, आकुर्डी, निगडीकडचे पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "सर, या कॉलेजला मान्यता आहे ना?" विचारणारा बहुधा चाकण किंवा तळवड्याच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार असतो. पदवी आणि पदविका यांतला फरक त्याला नीट ठाऊक नसतो. पण 'मान्यता' हा शब्द मात्र त्याला पाठ झालेला आहे.

ही मान्यता देण्याचा, काढून घेण्याचा आणि संस्था बिघडली तर तिच्या कारभारात हात घालण्याचा अखत्यार सरकारला कसा मिळाला, आणि तो वेळेवर वापरला गेला काय, हे तपासावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सरकारी हस्तक्षेप म्हटला की आमच्या समाजात लोक लगेच सावध होतात. सावध होण्यास कारणेही आहेत. परंतु ही कल्पना आम्हांस परकी आहे असे मात्र नव्हे. वक्फची मालमत्ता ही अमानत आणि मुतवल्ली हा तिचा केवळ राखणदार. त्याने खयानत केली तर काझीने त्याला दूर करावे, असे फिक्हमध्ये शतकानुशतके मान्य आहे. वक्फ कायदा, १९९५ च्या कलम ६४ मध्ये मुतवल्लीला काढण्याची जी तरतूद आहे, ती याच विचाराला धरून आहे. तेव्हा प्रश्न हस्तक्षेप असावा की नसावा हा नाही. तो कोणी, कोणत्या नियमाने, किती काळासाठी आणि कोणाच्या भल्यासाठी करावा, हा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात इंग्रजी अमलात झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी संस्थांना अनुदान देण्याचे धोरण आले आणि अनुदानामागोमाग तपासणी आली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांची पाहणी करण्याची रीत घालून दिली आणि संलग्नता देण्या-काढण्याचा अंतिम शब्द सरकारच्या हाती दिला. दर्जा सुधारणे हे कारण सांगितले गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकास कडाडून विरोध केला. दर्जाच्या नावाखाली विद्यापीठे अधिकाऱ्यांच्या मुठीत जातील, ही त्यांची भीती होती. दर्जाही हवा आणि स्वायत्तताही हवी, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. त्याची कसोटी लवकरच लागली, तीही शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयावर. १९५५ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने फर्मावले की, खासगी प्रशिक्षण महाविद्यालयांनी ८० टक्के जागा सरकारने पाठविलेल्या शिक्षकांसाठी राखाव्यात. न राखल्यास अनुदान व मान्यता जाईल. गुजरातेतील बोरसद येथे असे महाविद्यालय चालविणाऱ्या ख्रिस्ती संस्थेने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तिच्या बाजूने निर्णय देताना दुहेरी कसोटी सांगितली : नियम वाजवी असला पाहिजे, आणि ती संस्था शिक्षणाचे चांगले साधन व्हावी यासाठी तो असला पाहिजे.

त्याआधी १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली होती. त्या विधेयकात शाळांचे व्यवस्थापन ताब्यात घेण्याची कलमे होती. अनुदानाच्या अटी म्हणून ती अल्पसंख्याकांच्या शाळांवर लादता येणार नाहीत, असे मत न्यायालयाने दिले. परंतु संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही, हेही बजावले. या दोन वाक्यांपैकी पहिलेच आमचे पुढारी सभांतून सांगत आले आहेत.

हस्तक्षेप कसा लांबतो याचे उदाहरण म्हणजे अलीगढ. एप्रिल १९६५ मध्ये अंतर्गत विद्यार्थ्यांच्या राखीव जागा ७५ वरून ५० टक्क्यांवर आणण्यावरून तेथे दंगा झाला आणि कुलगुरू अली यावर जंग जखमी झाले. हेच गृहस्थ पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. तेव्हा केंद्रात शिक्षणमंत्री होते आपल्या मुंबईचे बॅरिस्टर एम. सी. छागला. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि विद्यापीठाचे 'कोर्ट' सल्लागार मंडळापुरते उरले. दंगा काही दिवसांचा होता. कोर्टाला आपले सर्वोच्च स्थान परत मिळाले ते १९८१ च्या दुरुस्तीने, म्हणजे सोळा वर्षांनी! मधल्या काळात, १९६७ मध्ये, विद्यापीठ अल्पसंख्याकांनी स्थापलेले नाही असा निकालही लागला. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने रद्दबातल केला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी. सरकारने मुदत न घालता टाकलेले पाऊल समाजाच्या मनात किती खोल संशय पेरते, हे यावरून कळावे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. येथे अधिकारांची वाण कधीच नव्हती. संस्थांचे व्यवस्थापन तात्पुरते ताब्यात घेऊन प्रशासक नेमण्यासाठी १९७६ चा कायदा आहे. विश्वस्तांना निलंबित वा बडतर्फ करण्याचा अधिकार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्तांना दिला आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि १९८७ मध्येच देणगीबंदीचा कायदा करावा लागला. संस्था आणि रोग हे असे पाठोपाठ आले.

सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे ती आमच्याच पेशाची, डी.एड.-बी.एड.ची. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद स्थापन झाली आणि अध्यापक महाविद्यालयांना मान्यता देणे तिच्याकडे गेले. महाविद्यालये भराभर निघू लागली. राज्यात प्रशिक्षित शिक्षकांची गरज किती, हे पाहून २००४ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने नव्या बी.एड. महाविद्यालयांना ना-हरकत न देण्याचे ठरविले. संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या दाव्यात ३१ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हा विषय केंद्राचा आहे. परिषदेने मान्यता दिल्यावर राज्याला ती अडविता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण ज्याला अधिकार होता त्याचे लक्ष नव्हते आणि ज्याचे लक्ष होते त्याला अधिकार नव्हता, अशी अवस्था झाली.

पुढे पाचच वर्षांत महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा त्याच न्यायालयाला २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये आला. देशातील सुमारे ९० टक्के अध्यापक शिक्षणसंस्था खासगी हातांत असल्याचे त्याने दाखविले. दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्थांपैकी बहुतेक शिक्षण देण्याऐवजी पदव्या विकतात, असे या आयोगाच्या हवाल्याने २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद आहे. नादुरुस्त संस्थांना वर्षभराची संधी देऊन मग कठोर कारवाई करावी, असेही ते धोरण सांगते.

हे आकडे आम्हांस कागदी वाटत नाहीत. आम्ही ज्या महाविद्यालयातून बी.एड. झालो त्याचे नाव येथे घेत नाही. सराव पाठांच्या वह्यांवर पाठ न घेताच सह्या होत. पाहणीपथक येणार त्या दिवशी ग्रंथालयात उसनी पुस्तके येत आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत जात. फी बाकी म्हणून एका सोबतिणीची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवली होती. तिच्या वडिलांनी रिक्षा विकून ती सोडविली. संस्था आपल्याच माणसांची, म्हणून तक्रार कोणी केली नाही. आम्हीही केली नाही. आज पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकविताना जी अडचण येते, तिचे मूळ त्या न घेतलेल्या पाठांत आहे, हे आम्ही जाणतो. वाईट महाविद्यालयाची किंमत तेथील विद्यार्थी एकदाच मोजतो; त्याच्या वर्गातली मुले मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या मोजतात.

अल्पसंख्याक दर्जा ही ढाल आहे आणि ती आम्हांस हवीच आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार यांच्या नावाने गाजलेल्या २००५ च्या निकालाने विनाअनुदानित संस्थांवर सरकारी जागांचा कोटा लादता येणार नाही हे ठरविले. त्याच निकालाने नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना आळा घालण्याची मुभाही ठेवली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याच्या प्रकरणातही तोच तोल सांभाळला गेला. कायदा टिकला, मात्र कामिल व फाजिल या उच्च शिक्षणाच्या पदव्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत ठरल्या.

इतिहासातून आम्हांस इतके दिसते : हस्तक्षेपाला मुदत असावी, नाही तर त्याचे अलीगढ होते. संस्थेला बाजू मांडू द्यावी. आणि शिकत असलेल्या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये. अध्यापक परिषदेच्या कायद्यातही, मान्यता काढली तरी ती पुढील शैक्षणिक सत्र संपल्यावरच अमलात येते, ते याचसाठी. परंतु सरकार येण्यापूर्वी समाजाने यावे. संस्थेचा हिशेब सभासदांनी मागावा, विश्वस्त बदलावेत, पालकांनी ग्रंथालयात जाऊन पुस्तके उघडून पाहावीत. काझीच्या दारी मुतवल्लीची तक्रार नेणारी माणसे मोहल्ल्यातलीच होती.

रावेतच्या रस्त्यावर उद्या पुन्हा एखादा बाप विचारील, "मान्यता आहे ना?" आम्ही परिषदेची यादी पाहून त्याला उत्तर देऊ. पण त्याच्यासोबत एकदा त्या महाविद्यालयातही जाऊ, आणि वर्ग भरतात की नाही ते पाहू.