गव्हाच्या बर्बनचं घराणं

केंटकीत लुइव्हिल शहराला लागून शाइव्हली नावाची वस्ती आहे. १९३५ साली, डर्बीच्या घोडेशर्यतीच्या दिवशी, तिथे स्टिट्झेल-वेलर ही डिस्टिलरी सुरू झाली. आज हौशी मंडळी मेकर्स मार्क, लार्सनी आणि विल्यम लारू वेलर यांच्या कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढल्यावर पाणी न घालता भरलेल्या बाटल्या शेजारी मांडून ताडून पाहतात. या तिन्ही बाटल्यांचं मूळ शाइव्हलीतल्या त्याच घरात सापडतं. ते घर कसं फुटलं हे कळलं, की चवीतल्या फरकाचाही उलगडा होतो.

बर्बन या व्हिस्कीत निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मक्याबरोबर बहुतेक ठिकाणी राय हे धान्य आणि मोड आणलेलं सातू घालतात. राय जिभेला मिरीसारखी झोंबते. तिच्या जागी गहू आला की ते झोंबणं जातं. गव्हाची स्वतःची चव मवाळ असते, त्यामुळे मक्याचा आणि लाकडाचा गोडवा पुढे येतो.

या बदलाचं श्रेय विल्यम लारू वेलर (१८२५–१८९९) याला देण्याची रीत आहे. पण वेलर होता दारूचा घाऊक व्यापारी, आणि त्याच्या नावावरच्या या शोधाला कागदोपत्री आधार तोकडा आहे. मला स्टिट्झेल कुटुंबाचा दावा अधिक पटतो, कारण भट्टी त्यांची होती आणि गव्हाचे प्रयोगही त्यांनी केले होते. वेलरच्या पेढीत १८९३ साली विक्रेता म्हणून लागलेले ज्युलियन व्हॅन विंकल, सगळ्यांचे ‘पॅपी’, पुढे त्या पेढीचे मालक झाले. दारूबंदी उठल्यावर त्यांनी पेढी आणि भट्टी एकत्र आणली आणि ओल्ड फिट्झजेराल्ड, वेलर हे ब्रँड गव्हावर उभे केले.

१९५३ मध्ये बिल सॅम्युएल्स यांनी लोरेटो गावातली जुनी डिस्टिलरी घेतली आणि घराण्याची पिढीजात कृती सोडून दिली. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून चव ठरवली, असं सांगतात. कथा गोड आहे, पण पॅपींनी या मित्राला मोकळ्या हाताने केलेली मदत मला त्याहून मोलाची वाटते. होऊ घातलेल्या स्पर्धकाला गव्हाची वाट दाखवायला मोठं मन लागतं. त्यातून मेकर्स मार्क जन्मली. तिची बाटली, नाव आणि लाल मेण ही सगळी मार्जी सॅम्युएल्स यांची करणी.

पॅपी १९६५ मध्ये गेले, १९७२ मध्ये डिस्टिलरी विकली गेली आणि १९९२ मध्ये तिथली भट्टी थंडावली. १९९९ मध्ये वाटणी झाली. वेलर बफेलो ट्रेसवाल्या सॅझरॅककडे गेली, ओल्ड फिट्झजेराल्ड हेवन हिलकडे. लार्सनी ही त्याच फिट्झजेराल्डच्या शाखेतली.

मात्र भावंडांमधला खरा फरक पडला पाण्यामुळे. गाळलेली दारू पिंपात भरण्याआधी पाणी घालून सौम्य करतात, आणि भरताना ती जास्तीत जास्त किती कडक चालेल, यावर अमेरिकेत कायद्याची मर्यादा आहे. ती पूर्वी ५५ टक्के अल्कोहोल होती. १९६२ मध्ये ती ६२.५ टक्क्यांवर नेली. दारू जितकी कडक भरावी तितकी पिंपं कमी लागतात आणि गोदामात जागा वाचते. मेकर्स मार्कने तरीही ५५ टक्के सोडले नाहीत. वेलर ५७ टक्क्यांना भरतात, लार्सनी ६२.५ टक्क्यांना. जास्त पाण्यासह मुरलेल्या दारूत लाकडातली साखर अधिक विरघळते, शिवाय बाटली भरताना नंतरचं पाणी कमी घालावं लागतं.

केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यावर पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त उडतं आणि दारू वर्षागणिक कडक होत जाते. साधारण १२ वर्षं मुरलेली विल्यम लारू वेलर म्हणूनच काही वर्षी ६५ टक्क्यांच्याही पुढे गेली आहे. मेकर्स मार्कवाले पिंपं वरून खाली हलवतात, त्यामुळे त्यांची कास्क स्ट्रेंग्थ ५४ ते ५७ टक्क्यांच्या आसपास राहते.

गहू म्हणजे मऊपणा, अशीच जाहिरात वर्षानुवर्षं झाली, त्यामुळे ही दारू पाणी न घालता विकायला उशीर लागला. रायवाली बुकर्स १९८८ मध्ये आली. विल्यम लारू वेलर २००५ मध्ये, मेकर्स मार्कची कास्क स्ट्रेंग्थ २०१४ मध्ये आणि लार्सनी बॅरल प्रूफ २०२० मध्ये. त्याआधी, २०१३ मध्ये, मेकर्स मार्कने मागणी पुरवण्यासाठी नेहमीची बाटली ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी इतका गहजब केला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. पिणाऱ्यांना पाण्याचा हिशेब कळतो, हे तेव्हा दिसलं.

माझ्या मते या तिघींत गव्हाचा स्वभाव सर्वांत स्वच्छ मेकर्स मार्कमध्ये कळतो. वेलरमध्ये लाकूड आणि वय बोलतं, लार्सनीत दालचिनीसारखी धग आधी येते. पण बाटलीतून जशीच्या तशी ओतून केलेली तुलना अन्यायाची होते, कारण मग चवीऐवजी ताकदच मोजली जाते. तिन्ही ५० टक्क्यांवर आणाव्यात. ३० मिलीला, ५५ टक्क्यांच्या मेकर्स मार्कमध्ये सुमारे ३ मिली पाणी, ६२ टक्क्यांच्या लार्सनीत ७ मिली, ६५ टक्क्यांच्या वेलरमध्ये ९ मिली.