अंधारलेल्या पडद्याचा इतिहास

लॅपटॉपचा पडदा अकस्मात् काळा पडला म्हणजे घरांत बहुधा एकच उद्गार निघतो : 'यंत्र बिघडलें!' लॅपटॉप लिनक्स प्रणालीवर चालणारा असेल, तर 'फुकटच्या प्रणालीकडून दुसरें काय होणार?' अशी पुस्तीहि जोडली जाते. हे दोन्ही निकाल उतावीळपणाचे आहेत. या अंधाराला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो समजल्यावांचून दोष कोणाचा हें ठरवितां येत नाहीं.

पडदा मालवणें हा मुळांत दोष नव्हे. ती एक योजना होती. जुन्या संगणकांचे पडदे काचेच्या नळीचे असत व नळीला आंतून प्रकाशणाऱ्या रसायनाचा लेप असे. तींच अक्षरें तासन् तास एका जागीं राहिलीं, कीं लेप तेथें झिजून त्यांचा डाग कायमचा उमटे. म्हणून कळफलकाला कांहीं वेळ कोणाचा हात लागला नाहीं तर पडदा काळा करावा, असा प्रघात पडला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिनक्सनेंहि तो उचलला; त्याच्या अक्षरी पडद्यासाठीं दहा मिनिटांची मुदत ठरली. पुढें काचेच्या नळ्या गेल्या, चपटे पडदे आले. नियम मात्र २०१७ सालच्या ४.१२ या आवृत्तीपर्यंत तसाच राहिला. कारण गेलें आणि रूढि उरली, हा प्रकार केवळ समाजांतच घडतो असें नाहीं.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. पडद्याचा उजेड कमीअधिक करण्याचा हक्क कोणाचा? १९९२ सालीं इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं 'एपीएम' ही पद्धति काढली. तींत विजेच्या व्यवहाराची सूत्रें बव्हंशीं फर्मवेअरकडे, म्हणजे कारखान्यांतच यंत्रांत बसविलेल्या आज्ञावलीकडे होतीं. १९९६ सालीं तोशिबाहि त्यांना मिळाली व 'एसीपीआय' ही नवी पद्धति आली. हिनें अधिकार प्रणालीला दिला. परंतु कामाच्या रीती लिहून देणें फर्मवेअरकडेच राहिलें.

येथें एक चमत्कारिक संवाद सुरू झाला. फर्मवेअर विचारतें, 'तूं अमुक विंडोज आहेस काय?' आणि लिनक्स उत्तर देतें, 'होय.' हें सोंग निरुपायाचें होतें; कारण बहुतेक कारखानदार आपलें यंत्र विंडोजवरच पारखून घेत. २०१२ सालीं विंडोजची आठवी आवृत्ति आली व उजेडाचें काम चित्रयंत्रणेच्या चालकाकडे गेलें. नवें नांव ऐकतांच कित्येक लॅपटॉपांनीं जुनी वाट सोडून दिली. लिनक्स मात्र नव्या नांवाला 'होय' म्हणून जुनीच दोरी ओढीत राहिलें! कळ दाबली कीं पडद्यावरील मापपट्टी हालावी आणि उजेड तसाच राहावा, या तक्रारीचें मूळ पुष्कळदां तेथें होतें. पुढें अशा यंत्रांवर चित्रयंत्रणेच्या थेट वाटेला अग्रमान देण्यांत आला.

या इतिहासावरून निदानाचा क्रम आपोआप ठरतो. कळ दाबतांच चित्र परत आलें, तर ती मुदतीची करामत होय. वीजव्यवस्थेच्या मांडणींत ती बदलतां येते. परत न आल्यास काळ्या पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरावा. अक्षरें अंधुक दिसलीं, तर चित्र तयार होत आहे, मागचा दिवा तेवढा विझला आहे असें समजावें. दुसरा पडदा जोडून पाहावा. त्यावर चित्र उमटलें तर संगणक जिवंत आहे याची खात्री पटते. उजेडाच्या कळाच निरुपयोगी असतील, तर प्रारंभींच्या आज्ञेंत 'एसीपीआय बॅकलाइट' या सूचनेनें वाट बदलून पाहतां येते. मात्र एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा.

निदानापूर्वींच निकाल दिला, तर धडधाकट यंत्र भंगारांत जातें, आणि एखाद्या विद्यार्थ्याला पुरें पडणारें साधन घरांतून नाहींसें होतें. लिनक्सची घडण सर्वांना वाचतां येते, म्हणूनच ही चूक कोठें शिरली तें शोधतां आलें. पडद्याचा अंधार पुष्कळदां दूर होतो. पण पाहण्यापूर्वींच दोष ठरविणाऱ्याच्या तो उपयोगीं पडत नाहीं.