कैद्यांचे क्रीडा व मनोरंजन : सरकारी खर्च
तुरुंगातील मैदान, खेळाचे साहित्य, वाचनालय, दूरचित्रवाणी यांवर सरकारी तिजोरीतून होणारा खर्च. भारतात तुरुंग हा राज्यसूचीतील विषय असल्याने हा भार मुख्यतः राज्यांवर असतो. करदात्याच्या पैशातून गुन्हेगाराची करमणूक कशाला, हा आक्षेप जुना आहे. गुन्ह्याने पोळलेल्या कुटुंबाने तो घेतला तर त्याची धग समजण्यासारखी आहे. पण त्यातले गृहीतच चुकते. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. पक्क्या कैद्यालाही न्यायालय स्वातंत्र्य हिरावण्याची शिक्षा देते, शरीर-मन झिजवण्याची नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांपैकी २३ वा नियम बाहेरचे काम नसलेल्या कैद्याला, हवामान अनुकूल असल्यास, रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा असे सांगतो. हे नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेतील ज्या रॉबेन बेटावर कैदेत होते, तेथील राजकीय कैद्यांनी तर झगडून फुटबॉलचा हक्क मिळवला आणि माकाना फुटबॉल संघटना स्वतः चालवली. खेळाने पुढचा गुन्हा टळतोच असा दावा करण्याची गरज नाही. २०२२ अखेर क्षमतेच्या १३१ टक्के भरलेल्या आपल्या तुरुंगांत तासभर मोकळे धावता येणे ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, आणि आजारी कैद्याच्या औषधोपचाराचा खर्चही अखेर सरकारलाच करावा लागतो.