‘कर’ प्रत्ययाचा प्रवास : रोहा-अष्टमीपासून बीरशेबापर्यंत

मराठी आडनावांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, विनोदाचे, कारण आडनावांच्या गमतीजमतींवर चार घटका सहज करमणूक होते. दुसरे, कुजबुजीचे, कारण आडनाव कळले की जात कळली, अशी आपली ठाम समजूत आहे. आडनाव हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, त्यात भाषेच्या आणि स्थलांतराच्या खुणा साठलेल्या असतात, हा तिसरा विचार मात्र मागे राहतो. या लेखात आम्ही ‘कर’ या प्रत्ययाच्या आधारे त्या तिसऱ्या वाटेने थोडे चालणार आहोत.

प्रारंभ घरापासून करू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पण इथल्या गावांची नावे धारण करणारी आडनावे त्याहून कितीतरी जुनी आहेत. अंबडकर, परतूरकर, भोकरदनकर, बदनापूरकर ही आडनावे मराठवाड्यात आणि बाहेरही आढळतात. त्यांच्यापैकी सर्वांत बोलके आहे ते जालनापूरकर. आज आपण ‘जालना’ म्हणतो. परंतु जुन्या मराठी लेखनात या पेठेचे ‘जालनापूर’ असे रूप येते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत पेठ लुटली, तेव्हाच्या हकिकतींतून हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. गावाच्या नावातले ‘पूर’ व्यवहारातून गळून पडले, आडनावात मात्र ते शाबूत राहिले. गावाने टाकलेले रूप गाव सोडून गेलेल्या माणसांनी जपावे, हे भाषेच्या इतिहासात वारंवार घडते.

‘गाव सोडून गेलेल्या’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक वापरले आहेत. अंबडमध्ये राहणाऱ्याला अंबडकर म्हणण्याचे कारणच पडत नाही. तिथे सगळेच अंबडकर! तो पैठणास किंवा हैदराबादेस गेला म्हणजे तिथले लोक त्याला अंबडकर म्हणू लागतात. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय निवासाचा दिसत असला तरी आडनाव म्हणून तो प्रस्थानाचा पुरावा आहे. ज्या गावाचे नाव आडनावात आहे, ते गाव कुटुंबाने केव्हातरी मागे टाकले आहे, असे सामान्यतः समजावे. हा नियम केवळ मराठीचा नाही. रशियन भाषेत ‘-स्की’ हा प्रत्यय पुष्कळदा हेच काम करतो. दोस्तोयेव्हस्की घराण्याचे नाव आजच्या बेलारूसमधील दोस्तोयेवो या गावावरून आलेले आहे. आपल्याकडे तो कादंबरीकार ‘दोस्तोयेवोकर’ झाला असता.

या नियमाचे सर्वांत लांबवर पोचलेले उदाहरण म्हणजे कोकणातील बेने इस्रायल समाज. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी अलिबागजवळ नवगाव येथे किनाऱ्याला लागली. ही घटना केव्हाची, याविषयी मतमतांतरे आहेत. त्यांच्या कोकणातील दीर्घ वास्तव्याविषयी मात्र वाद नाही. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून हा समाज ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाई. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील गावोगावी ही कुटुंबे पसरली आणि गावांची नावे त्यांची आडनावे झाली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, आपटेकर, तळकर, चेऊलकर, किहीमकर. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला; तो प्रसिद्ध झाला मात्र १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीव येथे. किहीमच्या माणसाने मुंबईत लिहिलेला ग्रंथ भूमध्य समुद्राच्या काठी छापला जावा, हे या आडनावांच्या पुढील प्रवासाचे जणू पूर्वचिन्हच होते.

मराठीच्या अध्यापकाने या आडनावांकडे व्याकरणाच्या अंगानेही पाहावे. ‘रोहा’चे सामान्यरूप ‘रोह्या’ : रोह्याला, रोह्यात. ‘कर’ लागताना मात्र ‘रोह्याकर’ होत नाही, ‘रोहेकर’ होते. गोवा-गोवेकर, आपटा-आपटेकर यांचा नियम तोच. काही ठिकाणी अंत्य स्वर गळतो : सातारा-सातारकर, तळा-तळकर, अष्टमी-अष्टमकर. म्हणजे हे आडनाव केवळ गावाचे नाव वाहून नेत नाही, मराठीच्या रूपविचाराचा एक लहानसा नियमही बरोबर नेते. आज बीरशेबात वाढणाऱ्या एखाद्या तरुण रोहेकराला मराठी येत नसली, तरी त्याच्या नावातला ‘ए’ मराठी व्याकरणानेच घातलेला आहे.

या समाजाची जुनी व्यक्तिनामेही पाहण्याजोगी आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या फौजेत असलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, ‘शार हारहमीम’, उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी ते बांधले, अशी परंपरा सांगते. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. बायबलमधली नावे मराठी जिभेवर इतकी रुळली होती की त्यांना शिवाजी-संभाजीसारखा ‘जी’ लागला. पुढे इंग्रजी शिक्षण आणि मिशनऱ्यांशी आलेला संपर्क यांमुळे सामाजीचा सॅम्युएल झाला, मुसाजीचा मोझेस झाला. नावाचे दोन भाग हिब्रू-इंग्रजी वळणावर गेले. तिसरा भाग कोकणातच राहिला.

पण तोही सर्वांचा राहिला नाही. इंग्रजी नोंदीत वडिलांचे किंवा आजोबांचे नाव हेच आडनाव म्हणून चालू लागले आणि ‘कर’ पडद्याआड गेला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कवी निसीम इझिकेल ठाऊक असतात. त्यांचे घराणे तळकर, हे सहसा ठाऊक नसते. इंदिरा संत यांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात वृंदा नाबर यांच्यासह त्यांचा सहभाग होता, हे लक्षात घेतले की त्या लपलेल्या तळकराला एक वेगळा अर्थ येतो. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉनचाचा म्हणून आठवणारे डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईचा डॉ. ई. मोझेस मार्ग ज्यांच्या नावाचा, ते मुंबईचे माजी महापौर एलिजा मोझेस हे राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावर ही नावे परकी वाटतात. वगळलेले आडनाव जागेवर ठेवले की ती शेजारच्या तालुक्यातली वाटू लागतात.

या आडनावांचा भौगोलिक प्रसार टप्प्याटप्प्याने झाला. अठराव्या शतकापासून मुंबई. पुढे फौज, रेल्वे, टपाल आणि अन्य सरकारी नोकऱ्यांमुळे पुणे, अहमदाबाद, कराची, एडन. कराचीतील ‘मागेन शालोम’ हे सिनेगॉग १८९३ मध्ये उमरडेकर कुटुंबाच्या पुढाकाराने उभे राहिले. ते १९८८ मध्ये पाडण्यात आले. काही नावे अनपेक्षित ठिकाणी पोचली. गांधीजींच्या वैद्यकीय देखभालीत सहभागी असलेले डॉ. अब्राहम एरुलकर यांची कन्या लीला हिचा विवाह ग्लाफकोस क्लेरिडेस यांच्याशी झाला. क्लेरिडेस १९९३ ते २००३ या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते. त्या अवधीत एक एरुलकर त्या देशाची ‘प्रथम महिला’ होती. डेव्हिड चेऊलकरांचे निधन टोरांटोत झाले. आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेही ही आडनावे आहेत. परंतु त्यांचा खरा दुसरा प्रदेश आहे इस्रायल.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर स्थलांतराचा ओघ सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला ही त्यांच्या वस्तीची प्रमुख गावे. नव्या राष्ट्राला हिब्रू नावे हवी होती. डेव्हिड ग्र्यून आधीच ‘बेन-गुरियन’ झाले होते. गोल्डा मेयरसन १९५६ मध्ये ‘मेईर’ झाल्या. पूर्व युरोपातून आलेल्या अनेकांनी स्लाव्ह आणि जर्मन वळणाची आडनावे उतरवून ठेवली. बेने इस्रायलांपैकी अनेकांनी मात्र ‘कर’ ठेवला.

तो ठेवणे सोपे नव्हते. हिब्रू लिपीत बहुतेक ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत. ‘पेणकर’मधली व्यंजने तेवढी कागदावर उमटतात, त्याचे ‘पिनकर’ वाचावे की ‘पनकर’, हे वाचणाऱ्यावर अवलंबून. ‘ण’ आणि ‘ळ’ त्या भाषेत नाहीत, म्हणून तळकराचा ‘तलकर’ होतो. ‘च’साठी ‘त्स’च्या अक्षरापुढे खूण करावी लागते. आणि ‘कर’ हा उच्चार हिब्रूत ‘थंड’ या अर्थाचा शब्द आहे! कोकणातल्या उष्ण, दमट गावांची नावे त्या भाषेच्या कानाला ‘थंड’ या शब्दाने संपणारी वाटत असतील, तर तो योगायोग म्हणून सोडून देऊ.

सोडून देता येत नाही तो त्यानंतरचा प्रसंग. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी त्यांच्या वंशपरंपरेची चौकशी करावी, अशा सूचना विवाह-नोंदणी करणाऱ्या धर्मगुरूंना दिल्या. भारतात कधी ज्यूद्वेषाचा अनुभव न आलेल्या समाजाला ज्यूंच्याच राष्ट्रात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागणार होते. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. अखेर १९६४ मध्ये इस्रायली सरकारने हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले आणि धर्मपीठाने त्या सूचनांतून या समाजाचा नामोल्लेख काढला. अशा काळात ‘पेणकर’ हे आडनाव म्हणजे तुम्ही कोठून आलात याची उघड खूणच होती. ती पुसून एखादे हिब्रू नाव घेण्याची मुभा होती, प्रोत्साहनही होते. तरीही ज्यांनी ती खूण राखली, त्यांच्या निर्णयाला आम्ही केवळ सवय म्हणणार नाही. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर, बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचणारे बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि १९८०च्या दशकात इस्रायलमध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक, ही सारी एकाच निष्ठेची रूपे आहेत.

आता या प्रवासाचा आपल्याशी संबंध काय, ते पाहू. दिवेकर हे आडनाव चित्पावनांत आहे आणि बेने इस्रायलांतही आहे. दोघांचा धर्म वेगळा, आचार वेगळा, पूर्वज वेगळे; समान आहे ते गावाचे नाव. ‘कर’ गाव सांगतो, त्यापलीकडे काही सांगण्याची हमी देत नाही. आडनावावरून माणसाची जात ताडण्याचा जो उद्योग वर्गाच्या हजेरीपटापासून लग्नाच्या बैठकीपर्यंत चालतो, त्याला या प्रत्ययाने परस्पर उत्तर दिलेले आहे. डॉ. बाबासाहेबांचे कुलनाम सकपाळ, मूळ गाव आंबडवे. गावावरून आलेल्या आंबडवेकर या नावाचे पुढे शाळेच्या नोंदीत ‘आंबेडकर’ झाले. जातीची खूण नको म्हणून गावाचे नाव लावणारी कुटुंबे मराठवाड्यातही आहेत. एकाच प्रत्ययाने कोणाला आपले मूळ जपता आले, तर कोणाला लादलेल्या ओळखीपासून सुटता आले.

नावांचा हा प्रवास एकाच दिशेने झाला असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ मराठी ख्रिस्ती लोकांची वसाहत वसवली आणि तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. ‘देवाचे घर’ या अर्थाचे हे हिब्रू स्थलनाम असे निजामाच्या मुलखातील मराठी मातीत आले. रोहा आणि पेण इस्रायलला जाण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी बेथेल जालन्यात येऊन राहिले होते.

ग्रामनामे आता वेगाने बदलत आहेत. काही सरकारी निर्णयाने, काही वापराने, काही धरणाच्या पाण्याखाली गेल्याने. त्यांची जुनी रूपे गॅझेटियरमध्ये सापडतात, तशीच आडनावांतही सापडतात. आपल्या तालुक्यातील ‘कर’कारान्त आडनावे, त्यांची मूळ गावे आणि ती कुटुंबे आज जिथे आहेत ती ठिकाणे यांची नोंद करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही. घरातली वयस्कर माणसे, देवस्थानांच्या वह्या आणि तीर्थक्षेत्रांतील क्षेत्रोपाध्यांच्या पोथ्या पुरतात. नोंद करताना जातीचा रकाना मात्र आखू नये. गावाचे नाव, त्याचे जुने रूप आणि गाव सोडल्याचे कारण, एवढे तीन रकाने पुरेसे आहेत.