हँडलला लटकलेला इतिहास

सायकलवरून सामान नेण्याची कला मला कधीच साधली नाही. अंधेरी स्टेशन येईपर्यंत कॅरिअरची छत्री चाकात, हँडलची पिशवी गुडघ्यावर आणि डब्यातली आमटी ऑफिसच्या कागदांवर, अशी वाटणी ठरलेली! दोष आमटीचा नव्हे, स्वाराचा, असं हिचं मत.

अखेर डबा डबेवाल्याच्या स्वाधीन केला. त्याच्या हँडलला डबे, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना डबे. मध्ये सायकल कुठे आहे ते शोधावं लागे. तरी गडी घंटी वाजवत गर्दीतून अलगद निसटायचा.

घराणं जुनं. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून हा उद्योग उभा केला. माणसं बहुतेक मावळ, खेड, जुन्नरकडची. घर ते स्टेशन सायकल, लोकलच्या लगेजच्या डब्यात लाकडी पाटी, उतरल्यावर पुन्हा सायकल नाहीतर हातगाडी. पत्ता म्हणजे झाकणावर रंगवलेल्या चार खुणा. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटले, तेही डब्यांची वेळ सांभाळून!

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, डबेही थांबले. कितीतरी डबेवाले गावी परतले. मी घरीच गरम गरम जेवत होतो. आमटी सांडायची भीती नव्हती. पण साडेनऊ वाजले की ही सवयीने दाराशी जायची. घंटी वाजायची नाही. मग आत येऊन म्हणायची, "त्यांचं जेवण झालं असेल ना हो?"