रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्म घडवला काय?

ख्रिस्ती धर्म हा रोमन राज्यकर्त्यांनी आपल्या राजकीय सोयीसाठी रचलेला धर्म आहे, असे मत पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून अधूनमधून मांडले जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील आपली महाविद्यालयीन मुले हा प्रश्न घरी घेऊन येतात आणि पालकांकडे उत्तर नसते. आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. "तुमचा धर्म पोर्तुगीज राजाबरोबर आला" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. म्हणजे मुळात तो सम्राटाने रचला आणि आपल्याकडे राजाने आणला, असा हा दुहेरी आक्षेप आहे.

अशा प्रश्नांनी श्रद्धावंतांनी विचलित होऊ नये आणि विचारणाऱ्यावर रागावूही नये. ही मते कोणती आहेत, त्यांना आधार किती आहे आणि कल्याण व ठाणे या आपल्याच नगरांचा इतिहास त्यांविषयी काय सांगतो, याचा आपण क्रमाने विचार करू.

ही मते कोणती?

या मतांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाच्या म्हणण्यानुसार पहिल्या-दुसऱ्या शतकातील रोमन सत्ताधाऱ्यांनी किंवा उमरावांनी येशूची कथाच निर्माण केली. जर्मन लेखक ब्रुनो बाउअर यांनी १८७७ साली ख्रिस्ती धर्माचा उगम पॅलेस्टाइनमध्ये न शोधता रोमन जगातील विचारप्रवाहांत शोधला. १९७९ साली एबेलार्ड रॉइक्लिन यांनी पिसो नावाच्या रोमन घराण्याने नवा करार लिहिला असे प्रतिपादन केले. २००५ साली जोसेफ ॲटविल यांनी 'सीझर्स मसाया' या पुस्तकात हे श्रेय व्हेस्पेशियन, टायटस व डोमिशियन या फ्लेव्हियन सम्राटांना दिले. बंडखोर यहुदी लोकांना शांत करण्यासाठी त्यांनी सौम्य मसीहाची कथा लिहवून घेतली, असा त्यांचा दावा आहे.

दुसरा गट येशूचे अस्तित्व मान्य करतो. मात्र चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला देव ठरवले आणि बायबलमधील पुस्तके निवडली, असे तो म्हणतो. डॅन ब्राऊन यांच्या 'द दा विंची कोड' या २००३ सालच्या कादंबरीने हे मत घरोघरी पोहोचवले. २००६ साली त्यावरील चित्रपट भारतात आला तेव्हा मुंबईत निदर्शने झाली. चित्रपट काल्पनिक असल्याच्या सूचनेसह तो केवळ प्रौढांसाठी संमत झाला. काही राज्यांनी त्यावर बंदी घातली, पण आंध्र प्रदेशातील बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली. बंदी आली आणि गेली, प्रश्न मात्र राहिला. त्याचे उत्तर अभ्यासानेच द्यावे लागते.

पहिल्या शतकातील तारखा

पहिल्या मताची परीक्षा सनावळीने होते. व्हेस्पेशियन इ. स. ६९ साली सम्राट झाला आणि त्याचा पुत्र टायटस याने ७० साली यरुशलेम जिंकले. शुभवर्तमानाची कथा या युद्धानंतर रचली गेली असेल, तर त्यापूर्वी ख्रिस्ती लोक नसावयास हवेत.

प्रत्यक्षात संत पौलाची पत्रे याआधीची आहेत. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथानुसार पौल करिंथ येथे असताना गल्लियो हा तेथील रोमन अधिकारी होता. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाळ ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र याच काळातील आहे. येशूचे क्रूसावरील मरण, पुनरुत्थान आणि प्रभू म्हणून त्याची उपासना हे सारे पौलाच्या पत्रांत आहे. तेव्हा फ्लेव्हियन घराण्यातील कोणीही सिंहासनावर नव्हते.

६४ साली रोममध्ये आग लागली आणि सम्राट नीरोने तिचा दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला. हा वृत्तांत टॅसिटस या रोमन इतिहासकाराने दिला आहे. तो ख्रिस्ती नव्हता आणि या धर्माविषयी त्याला तिरस्कारच होता. ख्रिस्ताला तिबेरियसच्या काळात पंतय पिलाताने देहदंड दिला, हेही तो नमूद करतो. फ्लेव्हियन सम्राटांनी जो धर्म निर्माण केला असे म्हणतात, त्याचे अनुयायी त्यांच्या राज्यारोहणापूर्वी पाच वर्षे रोममध्ये मारले जात होते.

गोंधळलेला राज्यपाल

याहून बोलका पुरावा धाकट्या प्लिनीचा आहे. हा निष्णात वकील आणि सिनेटचा सभासद. फ्लेव्हियन घराण्यातील शेवटचा सम्राट डोमिशियन याच्या काळात त्याने मोठी पदे भूषवली होती. पुढे ११२ च्या सुमारास तो बिथुनिया-पंत प्रांताचा राज्यपाल असताना त्याच्यापुढे ख्रिस्ती आरोपी आणले गेले. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की, या लोकांचे काय करावे? अशा खटल्यांचा आपणास अनुभव नाही. नुसते ख्रिस्ती असणे हाच गुन्हा मानावा काय? खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन सेविकांचा छळ केला. त्याच्या हाती एवढेच लागले की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात.

हा धर्म राजवाड्यात तयार झाला असता, तर त्याच राजवाड्यात वावरलेल्या माणसाला तो समजून घेण्यासाठी दोन स्त्रियांचा छळ का करावा लागला असता? ट्राजनच्या उत्तरातही अशा योजनेची खूण नाही. यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत, पण गुन्हा सिद्ध झाला आणि आरोपीने देवतांची पूजा नाकारली तर शिक्षा करावी, असे तो कळवतो. येशूला देव मानण्याची प्रथा कॉन्स्टंटाइनच्या दोनशे वर्षे आधीची आहे, हेही याच पत्रावरून दिसते.

कॉन्स्टंटाइनने काय केले, काय केले नाही?

कॉन्स्टंटाइनचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. ३१३ साली त्याने व लिसिनियसने ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य दिले. त्याने भव्य मंदिरे बांधली, ३२१ साली रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला आणि ३२५ साली नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. राजाश्रयाबरोबर ख्रिस्तसभेत संपत्ती व सत्तेचा मोहही शिरला. ३८५ च्या सुमारास ट्रियर येथे प्रिसिलियन या बिशपाला राजसत्तेने देहदंड दिला, तेव्हा संत मार्टिन आणि संत अँब्रोझ यांनी त्या कृत्याचा निषेध केला. हा इतिहास झाकून ठेवण्याची आपल्याला गरज नाही.

परंतु नायसियाने बायबलची पुस्तके ठरवली नाहीत. तिच्या वीस नियमांत पुस्तकांची यादी नाही. चार शुभवर्तमाने १७० च्या सुमारास टेशियनने एकत्र गुंफली होती आणि १८० च्या सुमारास संत इरेनेयस चारच शुभवर्तमाने असल्याचे ठामपणे सांगत होते. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचे पवित्र ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. नव्या कराराची सत्तावीस पुस्तकांची यादी संत अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. तेव्हा कॉन्स्टंटाइनला मरून तीस वर्षे झाली होती.

येशू देव आहे की नाही यावर नायसियात मतदान झाले, हेही खरे नाही. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की तो निर्माण केलेला आहे, हा आरियसने उभा केलेला वाद होता. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी केवळ दोघांनी विश्वासांगीकारावर सही करण्याचे अखेरपर्यंत नाकारले.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. कॉन्स्टंटाइनने काही वर्षांतच आरियसला परत बोलावले आणि ३३५ साली नायसियाच्या श्रद्धेचे रक्षक अथानासियस यांना हद्दपार केले. ३३७ साली मृत्युशय्येवर त्याला बाप्तिस्मा देणारा निकोमेडियाचा युसेबियस आरियसच्या बाजूचा होता. त्याचा पुत्र कॉन्स्टंशियस याने नायसियाविरोधी पक्षासाठी राजसत्ता पणाला लावली. अथानासियस एकंदर पाच वेळा हद्दपार झाले. सम्राटाची इच्छा हीच श्रद्धा ठरली असती, तर आज आपण रविवारच्या मिस्सात आरियसचे मत म्हटले असते. आपण नायसियाचा विश्वासांगीकार म्हणतो. त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी तेथे जाऊन इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांसह प्रार्थना केली.

साम्राज्याबाहेरची ख्रिस्तसभा आणि कल्याण

रोमन सम्राटाची सत्ता जेथे चालत नव्हती तेथील ख्रिस्ती लोक काय मानत होते, हे पाहिले की प्रश्न आणखी स्पष्ट होतो. रोमचा शत्रू असलेल्या पर्शियन साम्राज्यात सिरियाक भाषा बोलणारी मोठी ख्रिस्तसभा होती. कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यावर शापूर दुसरा या पर्शियन राजाला आपले ख्रिस्ती प्रजाजन रोमचे हस्तक वाटू लागले. सुमारे ३४० पासून त्यांचा भीषण छळ झाला आणि बिशप सायमन रक्तसाक्षी झाले. याच छळाच्या काळात अफ्राहात या पर्शियन साधूने येशू देवाचा पुत्र व देव आहे याविषयी प्रबंध लिहिला. त्यात नायसियाचा आधार घेतलेला नाही. ४१० साली या ख्रिस्तसभेने पाश्चात्य बिशपांची पत्रे वाचून नायसियाची श्रद्धा स्वीकारली. ती सभा पर्शियन राजाच्या संमतीने भरली होती. रोमन सम्राटाचा तेथे अंमल नव्हता.

या पर्शियन ख्रिस्तसभेची एक शाखा कोकण किनाऱ्यावर होती. कल्याण हे सातवाहन काळातील नामांकित बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे आणि पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'कल्लिएना' या नावाने ते येते. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की, 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक असून त्यांच्यासाठी पर्शियात अभिषेक झालेला बिशप आहे. तेथून तांबे, लाकूड व कापड निर्यात होते, असेही तो सांगतो. काही अभ्यासक हे स्थळ केरळातील कोल्लम मानतात, पण अनेकांच्या मते ते आपले कल्याणच होय. संत बर्थलमय कल्याणला आले अशी परंपराही आपल्याकडे आहे. तिचा आदर करावा, मात्र कॉस्मसच्या नोंदीइतका ठोस पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

कल्याणच्या त्या ख्रिस्ती समाजाला रोमन सम्राटाने बिशप दिला नव्हता. तरीही तोच क्रूस, तीच शुभवर्तमाने आणि तोच पुनरुत्थित प्रभू त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

ठाण्याचे रक्तसाक्षी

ही साखळी ठाण्यापर्यंत येते. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधू कोल्लमकडे जाताना ठाण्याला उतरले आणि तेथे एका ख्रिस्ती कुटुंबात राहिले. हे कुटुंब पूर्वेकडील त्याच ख्रिस्तसभेचे होते. ओडोरिक या प्रवाशाने ठाण्यात अशा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहून ठेवले आहे. एप्रिल १३२१ मध्ये हे चौघे बंधू मारले गेले. त्यांचे सोबती जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपारा येथे पुरले. दिल्लीच्या सुलतानाने याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला शिक्षा केली, असे ओडोरिक लिहितो. वास्को द गामा भारतात येण्यास तेव्हा पावणेदोनशेहून अधिक वर्षे होती. ठाण्यातील त्या पंधरा घरांमागे कोणताही राजा उभा नव्हता.

पोर्तुगीजांच्या काळाचे काय?

१५३४ च्या तहानंतर वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. आजच्या बहुसंख्य स्थानिक कॅथलिक घराण्यांचा बाप्तिस्मा या काळातील आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या काळात राजाश्रय होता, प्रलोभने व दडपण होते आणि देवळेही पाडली गेली. याचे समर्थन आपण करू नये. परंतु १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली. राजाश्रय संपला, परदेशी मिशनरी निघून गेले. धर्म केवळ राजासाठी असता तर तो राजाबरोबर गेला असता. आपल्या पूर्वजांनी मराठी बोलत, शेती व मासेमारी करत, घरात रोझरी म्हणत तो टिकवला. राजा गेल्यावरही ते देवळात येत राहिले. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

विचारणाऱ्याला काय सांगावे?

पहिले, पौलाची पत्रे आणि नीरोचा छळ फ्लेव्हियन सम्राटांच्या आधीचे आहेत. दुसरे, रोमन अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या पत्रांत या धर्माविषयी अज्ञान व संशय दिसतो, मालकी दिसत नाही. तिसरे, कॉन्स्टंटाइनने ख्रिस्तसभेचे बाह्य जीवन बदलले. त्याच्या व त्याच्या पुत्राच्या इच्छेविरुद्ध नायसियाची श्रद्धा टिकली. चौथे, पर्शियात व कोकणात, सम्राटाच्या आवाक्याबाहेर, हीच श्रद्धा होती.

एवढ्याने येशू देवपुत्र आहे हे सिद्ध होत नाही. ती श्रद्धेची बाब आहे आणि श्रद्धा हे देवाचे दान आहे. मात्र ही श्रद्धा कोणा राजाने रचली हे म्हणणे इतिहासाला धरून नाही, एवढे आपण शांतपणे आणि खात्रीने सांगू शकतो. विश्वासांगीकारात पिलाताचे नाव दर रविवारी येते. तो रोमचा प्रतिनिधी होता आणि त्याने प्रभूला क्रूसावर दिले. आपल्या श्रद्धेत रोमन सत्तेचा पहिला उल्लेख हा असा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.