शुश्रूषा: ऐकण्याची इच्छा

साक्रीहून पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे निघालं की सरकारी दवाखान्यांत माणसांची पदनामं बदलत जातात. ग्रामीण रुग्णालयात ‘वैद्यकीय अधीक्षक’ आणि ‘अधिपरिचारिका’, प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘वैद्यकीय अधिकारी’, आणि उपकेंद्रात ‘आरोग्य सेविका’. आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. एमबीबीएस डॉक्टरचं पद तिथे नसतंच. ‘पोट दुखस’ म्हणत आलेल्या बाईचं पहिल्यांदा ऐकून घेते ती नर्सबाई. आणि तिच्या कामाला आपण जो शब्द वापरतो, शुश्रूषा, त्याचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे.

ज्ञा धातूपासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, तशी श्रु पासून शुश्रूषा. (आपण सर्रास ‘सुश्रुषा’ लिहितो आणि त्यातली ‘श्रु’ची द्विरुक्ती ओळखू येईनाशी होते.) ‘चिकित्सा’ही घडणीने याच घरातली: कित् धातूला तोच प्रत्यय. फरक इतकाच की तिथे वैयाकरण इच्छेचा अर्थ धरत नाहीत, रोग दूर करणे असाच घेतात. म्हणजे डॉक्टरचं काम आणि नर्सचं काम, दोन्हींची नावं व्याकरणाने एकाच साच्यातून काढलेली.

मग ऐकण्याची सेवा कशी झाली? शिष्याने गुरूचं ऐकायचं, मुलाने आईबापाचं. आजही ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणताना त्याच्या कानात दोष आहे, असं आपल्याला म्हणायचं नसतं. ऐकणं म्हणजे आज्ञा पाळणं, त्यातून सेवा, आणि पुढे आजाऱ्याची सेवा. या प्रवासात ‘कोणाचं ऐकायचं’ हे मात्र बदलून गेलं. वॉर्डात नर्सने डॉक्टरची ऑर्डर ऐकायची, हा अर्थ इतका घट्ट बसला की रुग्णाचं ऐकणं हे तिचं कौशल्य आहे, हे कोणी मोजतच नाही. मला हे नुकसान मोठं वाटतं.

चरकसंहितेत उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. त्यांत प्रधान वैद्यच. पण उपस्थाता, म्हणजे जवळ उभा राहणारा, नुसता हरकाम्या नाही. त्याचे चार गुण सांगताना पहिला गुण दिला आहे उपचारज्ञता. दक्षता, जिव्हाळा, स्वच्छता हे त्यानंतर. उपचार आणि परिचारिका हे दोन्ही शब्दही एकाच चर् धातूचे आहेत.

परकीय शब्दांनी मात्र कामाची वाटणी पक्की केली. डॉक्टर म्हणजे लॅटिनमध्ये शिकवणारा. नर्स पोषण करणारी. फारसीतून आलेली दाई दूध पाजणारी, आपली धात्रीही तीच. सुईण या शब्दाचा सुईशी काही संबंध नाही. त्यातला सू प्रसूतीतला आहे. वाद मात्र सुईवरूनच होत आला: इंजेक्शन कोणी द्यायचं?

या वादाचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी आणि जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. पुढे केंद्र सरकारच्या प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचनांनीही, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवण्याची मुभा आरोग्य सेविकेला दिली. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून धुळ्याला पोचेपर्यंतच्या वेळाचा विचार केला, तर ही मुभा किती मोलाची आहे ते सांगायला नको.

२०१८ नंतर उपकेंद्रात आणखी एक नाव आलं, ‘समुदाय आरोग्य अधिकारी’. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन नेमतात. मोठ्या डॉक्टरचा सल्ला ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून घेता येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने अशा आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने देशभर संप केला. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती गावं सोपवू नका, ही त्यांची भीती पोकळ नव्हती. खेड्यातल्या माणसाला कमी दर्जाचं काही मिळावं, असं कोणीच म्हणू नये. पण जिथे डॉक्टर नाहीच, तिथे ती नर्सबाई काय करते आहे, हे आधी पाहायला हवं होतं.

‘अधिकारी’ शब्दाला मराठीत दोन अंगं आहेत. कचेरीतला अधिकारी सत्तेचा. परमार्थातला अधिकारी पात्रतेचा, ज्याची तयारी झाली आहे तो. उपकेंद्रातल्या नर्सला पहिल्या अर्थाची पाटी मिळाली. दुसऱ्या अर्थासाठी हवी ती कोणती औषधं कधी द्यायची याची लेखी यादी, ती वापरल्यावर पाठीशी उभा राहणारा नियम, आणि दर वर्षी नवं शिक्षण. शिवाय तिने संदर्भ चिठ्ठीत जे लिहिलं, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरने पूर्ण वाचावं, आणि शंका आली तर नातेवाइकांना न विचारता तिलाच फोन करावा.